बाप नाकारला, कर वाचवला

मिरकरवाडा, रत्नागिरी
आश्विन, दसऱ्यानंतरचा मंगळवार, सन १९३७

धाकू, तुझ्या त्या नव्या सरकारपायी माझ्या लेकाने भर बंदरात आपला बाप नाकारला. हे आधी वाच, मग आशीर्वाद घे.

चिरंजीव धाकूस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा दमा कसा आहे? (थोडा असू दे. तेवढंच बोलणं कमी होतं.) तुझ्या बायकोची, तुळसाची कंबर बरी असावी, ते मात्र मनापासून विचारते. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं असलं तरी माझंच आहे. हे दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची लाज वाटली.

गणपतीत आलास, पडवीत पाय पसरून मोदक चापलेस आणि सांगितलंस की मुंबईत आता आपलं सरकार बसलंय, ते दिवाळीच्या आत मोठ्यांवरचा इन्कमट्याक्स दुप्पट करणार. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणाऱ्याला आतलं अर्धंच ऐकू येतं, हे आम्हांला कळायला हवं होतं. मी विचारलं, मोठे म्हणजे कोण रे? तर तू आमच्या काशीरामच्या पाठीवर थाप मारलीस, "दोन मचवे असलेला काय लहान झाला?" झालं! ज्याला जन्मात कुणी मोठा म्हटलं नव्हतं तो माझा लेक एका थापेत मोठा झाला. आधी छाती काढून बंदरभर फिरला, मग त्याची झोप उडाली.

पुढे लपवालपवी. तांब्याची भांडी शेजारी हौसाकडे गेली (आता परत देताना मोठा हंडा आपल्याच माहेरचा म्हणते). पुढच्या दारी फाटकी जाळी टांगली. राहीला, स्वतःच्या बायकोला, जुनेरं नेसवलं. नव्या मचव्याला नारळी पुनवेला रंग दिला होता, त्यावर डांबर फासायला निघाला. मी वल्हं घेऊन आडवी उभी राहिले म्हणून तेवढं राहिलं. बरं, ज्याच्यावर कर बसायला हवा तो बांगड्याचा भाव पाडणारा शेट परवा घरावर माडी चढवीत होता. त्याला कसली भीती नाही. भीती सगळी आमच्या वाट्याला.

आता ऐक खरं. आपल्या आनंदाला, काशीरामच्या लेकाला, जयगडची गुणवंती सांगून आलीय. पोरगी मी पाहिलीय, तोंडाने फटकळ, मासळीच्या भावात बापालाही ऐकत नाही. मी गेल्यावर या घरात एक तरी शहाणं माणूस हवं, म्हणून ती मला हवीच. मुलीकडचे घर बघायला येण्याआधी एक माणूस गुपचूप पुढे धाडतात, ही आपली रीत. तसा तिचा मामा आला. जयगडला आगबोटीची तिकिटं देतो, म्हणून अंगात काळा कोट, पायात बूट, बगलेत छत्री. आणि मी नेमकी पुळ्याच्या गणपतीला याच लग्नाचा नारळ द्यायला गेलेली!

मामाने विचारलं, मचवे किती? जाळी कुणाची? खलाशी किती ठेवता? मुलीकडचा माणूस आणि करवाला अगदी तेच तेच विचारतात, हे मला आजवर सुचलं नव्हतं. काळा कोट बघून काशीरामने त्याला करवालाच धरला. म्हणाला, "माझं काय नाय, मी दुसऱ्याच्या होडीवर राबतो." राही दाराआडून डोळे वटारून थकली. त्याने पाहुण्याला करवंटीत पेज आणि सुकट वाढायला लावली. जाताना मामाने नव्या मचव्यावरचं नाव वाचलं. (तुझ्या भाऊजींचं. मी ते तोंडाने कधी घेतलं नाही, इथेही लिहिणार नाही.) विचारलं, "हा कोण हो?" आणि माझ्या लेकाने, त्याच बापाचं नाक घेऊन जन्मलेल्याने, सांगितलं, "काय ठाऊक. कोणतरी असेल."

मागाहून जयगडहून निरोप आला, जो आपल्या बापाला ओळखत नाही तो आमच्या लेकीला काय ओळखणार? आनंदा तेव्हापासून बापाशी बोलत नाही.

मी पापलेट घेऊन तडक बाजारातल्या वकिलांकडे गेले. ते हसून हसून आडवे झाले. म्हणाले, या कराच्या नाड्या दिल्लीच्या हातात, मुंबईचं सरकार त्याला बोट लावू शकत नाही. दिल्लीवाले एरवी शिमग्याच्या सुमारास वर्षाचा हिशेब मांडतात तेव्हाच काय ते वाढवतात. मनात आणलं तर मध्येच वाढवतील, सहा वर्षांमागे वाढवलाही होता. पण आजी, म्हणाले, वरच्या पायरीचं सोडा, तुमचा काशीराम खालच्या पायरीलासुद्धा शिवत नाही. हे घरी सांगितलं तर काशीराम सुटल्यासारखा हसला नाही, उलट त्याचं तोंड पडलं. लहान झाला ना पुन्हा!

तुझी बहीण,
धोंडूबाई

ता.क. तो कोटवाला मामा आपल्या तुळसाचा सख्खा आतेभाऊ निघाला. तिला पुढच्याच आगबोटीने धाड. जयगडला उतरून तिने मामाचा कान धरावा, म्हणावं काशीराम वेडा आहे पण बाप खरा आहे. सोयरीक जुळवूनच इकडे यावं.

ता.क. दुसरं. तू गणपतीत बोललास त्याच संध्याकाळी मी माझी पुतळ्यांची माळ तांदळाच्या कणगीत तळाशी घातली. भिऊन नाही, सहज. ती शिमगा होईपर्यंत तिथेच राहील. काशीरामला बोलायचं नाही.

ता.क. तिसरं. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तुझं अक्षर दिसलं की चुलीत घालीन. उत्तर तुळसाने द्यायचं, आणि तिला लिहिता येत नाही, तेव्हा तिने स्वतः बंदरावर उतरायचं.