चमचे संपता संपत नाहीत

१२ नोव्हेंबर

चि. बाळास,

आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा आपल्या जागी आहे, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई गाणं शिकू लागल्या आहेत, त्यामुळे संध्याकाळी खिडक्या लावून बसते. सूनबाईला सांग, माझ्या खोलीच्या रंगाचा फोटो पाहिला. छान आहे. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्यात, त्याही पाहिल्या. चारी भिंतींना बसवल्यात.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडून स्वतःच पुरं करतोस, आणि मी नुसती "हं, हं" करत राहते. म्हणून आज लिहायला बसले.

परवा तू म्हणालास की महिनाअखेर सामान हलवणारी माणसं घेऊनच येतो. आपलं ठरलं होतं ते मला आठवतं. तुझ्या बाबांनी जमवलेले चमचे, काटे, साखरेचे चिमटे कुणा जाणकाराकडून पारखून घ्यायचे, खरी चांदी कुठली, मुलामा कुठला, ठसा कुठल्या कारागिराचा ते बघायचं, मग विकून टाकायचे, घर बंद करायचं आणि मी तुमच्याकडे यायचं. "काम चालू आहे" असं मी दर वेळी सांगत आले. चालू आहे यात खोटं काही नाही. फक्त ते संपत का नाही, ते सांगायचं राहिलं.

पारखायला येतात ते आपले दातांचे डॉक्टर. हो, तेच, ज्यांना बाबा "पक्कड" म्हणायचे. ओरडू नकोस. लिलावात दोघं एकाच चमच्यावर अडून बसायचे आणि हरून घरी आले की बाबा जेवायचे नाहीत, हे मी विसरलेले नाही. पण या गावात ठसे वाचणारी माणसं दोनच होती, त्यातलं एक गेलं. मग राहिलेल्याला चहाला बोलावलं.

दर गुरुवारी येतात. दवाखान्यातला दिवा कपाळावर बांधतात, टेबलावर पांढरा रुमाल पसरतात आणि चमचा तोंडाशी धरून त्यावर फू करतात. जिथे जोड असतो तिथे वाफ वेगळी बसते म्हणे. मग ठशावर मेणबत्तीची काजळी धरायची, ती चिकटपट्टीवर उचलायची, पट्टी कागदावर चिकटवायची आणि भिंगातून बघायची. "हा बघा सिंह! म्हणजे खरी चांदी." मग थोड्या वेळाने, "सिंह कसला, कुत्रं आहे हे. मुलामा!" बाबांनी त्यांच्या नाकावर टिच्चून घेतलेला चमचा मुलाम्याचा निघाला की स्वारी खूश. मी बाबांची बाजू घेऊन भांडते. काही कळत नसताना भांडते.

एकदा मात्र एक बारका मोहरीचा चमचा निघाला. डॉक्टर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "वहिनी, हा अस्सल आहे. माझ्या हातून सुटला होता. माणूस हट्टी होता, पण नजर होती." मी दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध काही तापत ठेवलेलं नव्हतं.

पुढे एका गुरुवारी चमच्यांच्या ड्रॉवरचा तळ दिसायला लागला. तळाला घातलेला कागद दिसला आणि मी ड्रॉवर पटकन लावून टाकला. दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात भंगारवाल्याकडे गेले, मूठभर चमचे घेतले आणि ड्रॉवरमध्ये खाली सरकवून ठेवले. तुझी आई या वयात चोरून चमचे आणते. ते संपत आले की पुन्हा जाते.

मागच्या गुरुवारी डॉक्टरांनी एक उचलला, भिंग लावलं, काढलं आणि म्हणाले, "वहिनी, हा तुमच्याकडचा नाही."

"कशावरून?"

"घासलाय. त्यांनी तुम्हाला कधी चमचा घासू दिला होता?"

कपाळाला हात लावला बघ मी. घरात आलेलं भांडं घासून ठेवायचं, ही जन्माची सवय. आणि बाबा तर पावडरचा डबाच लपवून ठेवायचे, ठसा झिजेल म्हणून. त्या काळ्या चमच्यांत माझे तेवढे लखलखत होते.

"आणि हे भंगारवाल्याकडचे सगळे मी दर रविवारी बाजारात हातात घेऊन, नको म्हणून परत ठेवलेले आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग इतके दिवस तास तास भिंग लावून काय बघत होता?"

यावर त्यांनी दिवा काढून ठेवला. खिशात हात घातला आणि एक काळाकुट्ट चमचा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा माझ्या घरचा. दोन गुरुवार झाले, तुमच्या ड्रॉवरमध्ये टाकायला आणतोय. पण तुम्ही जागच्या हलतच नाही."

आम्ही इतके हसलो की वरचं गाणं थांबलं.

लग्नबिग्न काही नाही, घाबरू नकोस. पण दर आठवड्याला कुणीतरी माझ्याशी कडाकडा भांडायला येतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतं. तुमच्याकडे सगळे माझं ऐकून घेतात, बस म्हणतात, आराम कर म्हणतात. तुम्ही चांगलीच आहात रे. पण तिथे चार दिवस राहिले की मी पाहुणी होते, आणि पाचव्या दिवशी आजारी असल्यासारखं वाटायला लागतं.

बाळा, मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला इतके चमचे लागले.

मला नेण्यात तुझी माया आहे, हे कळतं. म्हणून तर तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. त्या खोलीत सूनबाईला शिवणाचं मशीन मांडू दे, उजेड चांगला आहे. सामान हलवणाऱ्यांना नको म्हणून कळव. तू मात्र ठरल्या दिवशी ये. दारात उभा राहून आधी मला "चल" म्हणशील. मी नाही म्हणेन. रागावायचं तर तिथेच रागावून घे. मग आत ये आणि जेव.

नाही म्हणाली तरी तुझीच,
आई