नायेलीची वेणी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मान डोलावली! डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, समजलं का — आणि आमचे चेंचो टोपी हातात धरून, मान डोलावून म्हणतात, होय! बाहेर आल्यावर मी म्हटलं, काय समजलं ते सांग बघू. तर म्हणे, "काही नाही. पण डॉक्टरला उलटं विचारू नये गं. बरं दिसत नाही." वीस वर्षं काढली या माणसाबरोबर!

मी परत आत गेले. एका नर्सला धरलं. तिला आमची स्पॅनिश येते.

तर असं आहे — आमच्या पोरीच्या, नायेलीच्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्यात. गोळ्या बंद. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासायला दिलाय. रक्ताचा कॅन्सर उलटला की काय, ते सोमवारी कळणार. आणि वर विचारतात — गोळ्या चुकवता का? घरचा काढा देता का? तुमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या मुलांत हा आजार जास्त होतो, उलटतोही जास्त, म्हणून विचारावं लागतं म्हणे.

दीड वर्ष रोज मी माझ्या हाताने तिच्या जिभेवर गोळी ठेवते. पण खापर आमच्याच चुलीवर!

१६ ऑक्टोबर

कामावर, संत्र्यांच्या शेडवर, पट्ट्यावरची नासकी फळं वेगळी काढायची, तर मी चांगली फळंच फेकत होते. मुकादम ओरडला. ओरडू दे.

येताना सान हुआनच्या चर्चमधल्या माउलीपुढे गुडघ्यांवर गेले. तिथल्या खोलीत भिंतभर नवसाच्या वेण्या टांगल्यात, फितींसकट. कुणाकुणाच्या लेकींच्या. तोंडातून निघून गेलं — मगज साफ निघू दे, नायेलीची वेणी आणून बांधते.

१९ ऑक्टोबर

चेंचोने तीनदा कॉफी केली. तिन्ही वेळा गार झाली.

२० ऑक्टोबर, सोमवार

साफ! साफ! साफ!

आजार उलटलेला नाही. गोळीच जास्त होत होती. तिच्या रक्ताला ती झेपत नाही, जन्मापासूनच तसं आहे. आता थोडीच द्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांत हे बऱ्याच जणांत असतं."

मी म्हटलं, "असतं ना? मग आधी का नाही बघितलं? काढ्याचं तेवढं विचारलंत!"

चेंचो माझी बाही ओढत होता. ओढ म्हटलं. नर्सने सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गिळला नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बघायला हवं होतं." राग होता तेवढा गेला माझा. काय करणार!

मग त्या नायेलीपुढे उकिडव्या बसल्या. "उरलेला मगज आम्ही ठेवून घेऊ का? तुझ्यासारख्या मुलांना हे जास्त का होतं, ते शोधायचंय." मी तोंड उघडलं, तर मला हाताने थांबवलं — तिला बोलू द्या.

नायेली म्हणते, "ठेवा. पण काय सापडलं ते मला सांगायचं. आईला नाही, आई भांडते."

चेंचो इतका हसला की टोपी पडली. वाटेत गाडी थांबवून ताको खाल्ले. पोरीने तीन खाल्ले, वर माझ्यातला अर्धा. तिखट लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी सांगितलं.

२२ ऑक्टोबर

नवसाचं आज सांगितलं. नायेली आरशापुढे होती. औषधांनी गळलेले केस आत्ता कुठे खांद्यापर्यंत आलेत, वेणी घातली तर उंदराच्या शेपटीएवढी. पण दिवसातून दहादा विंचरते.

कंगवा आपटलाच! "माझे केस? डॉक्टरांनी माझा मगजसुद्धा विचारून ठेवला! तू केस देऊन टाकलेस आणि मला विचारलंही नाहीस?"

 मी चेंचोकडे बघितलं. तो म्हणे, "बोललीस तर फेडायला हवं. माउलीला उलटं विचारू नये."

हो का?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

माउली, आता तुलाच विचारते. लेकीचे केस मिळणार नाहीत. ते तिचे आहेत. माझी वेणी आहे — लग्नापासून कापलेली नाही, कमरेखाली जाते, वर पांढरी झालीय पण मनगटाएवढी जाड आहे. चालेल का? शनिवारी कात्रीला धार लावून आणते. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी काय ते सांग. आणि नुसती मान डोलावू नकोस!