मुक्ताच्या लग्नातली माझी कविता

२ मे
मुक्ताची मंगलाष्टकं मीच लिहिणार. तिची आई मंदा गेल्यापासून माझी कविता ऐकणारं घरात हे एकच माणूस, तेही आता लग्न होऊन काष्टीला चाललं. शेवगावात माझा संग्रह लोक घेतात ते मी फुकट देतो म्हणून. वाचत कोणी नाही. निदान ही एक पोरीच्या मनाला लागावी.

६ मे
तीन कडवी झाली. नावं घालणार नाही. मामा, मावश्या, आत्या यमकात कोंबल्या की कविता राहत नाही, हजेरीपट होतो. वर्गात जन्मभर हेच सांगितलं.

९ मे
नवऱ्या मुलाचे काका बाजीराव यांचा फोन. बैलांचे व्यापारी. त्यांच्याकडची मंगलाष्टकं तेच रचतात, तेच म्हणतात. "सर, आमच्या विहीनबाईंचं नाव काय हुतं?" मंदा, म्हटलं. "बरं. आमचं लई फर्मास जमलंय बगा. तुमचं बी होऊ द्या."

१४ मे
लागलं लग्न. मी म्हणत होतो तेव्हा निम्मा मांडव जेवणाकडे सरकलेला. अंतरपाटाआड मुक्ता मान खाली घालून. एकदाही वर पाहिलं नाही. मग बाजीरावांनी माईक घेतला. वृत्ताचा पत्ता नाही. पण ज्याचं नाव येई तो मांडवात ताठ होऊन उभा राही. शेवटी मंदाही आली, 'आनंदा'ला जोडून. मुक्ता ढसाढसा रडली. मला रागच आला. माझ्या घरात वाढून असल्या यमकाला रडते.

१९ मे
मांडवपरतणीला आली. विचारू नये ते विचारलं, माझी कशी वाटली?
"चांगली होती, बाबा." चहा गाळत होती. "प्रत्येक ओळीला वाटायचं, आता आईचं नाव येईल. शेवटच्या सावधानपर्यंत वाट पाहिली."
तिसऱ्या कडव्यात रिकामा पाट होता. तो मंदाचा. तिला कळेल असं धरूनच चाललो होतो. सांगणार होतो, पण समजावून सांगावी लागली की कविता मेली, हेही मीच शिकवलंय. कप तोंडाला लावला. चहा गोड झाला होता.

२१ मे
मुक्ता गेली. पुन्हा लिहायला बसलो. पहिला शब्द मंदा. पुढे 'आनंदा'च येतंय, दुसरं काही सुचत नाही. आणि सुचलं तरी लग्न लागून गेलं, आता म्हणायचं कुठे. फोनवर ऐकवावं, तर ती म्हणेल, चांगली आहे, बाबा.