पाहिजेत: बसण्यासाठी स्वयंसेवक

२ तारीख, रविवार. सकाळ.
आजपासून एकट्याने मरमर बंद. शहरातल्या सार्वजनिक बाकड्यांची माहिती देणारी वेबसाइट मी तीन वर्षं एकहाती चालवतोय. फोटो, सावली, पाठीला टेकू, सगळं असतं. आता स्वयंसेवक नेमणार. बिनपगारी. काम काय, तर जाऊन बसायचं आणि चार ओळी लिहायच्या. नुसतं बसायला माणसं मिळत नाहीत असं कुठे ऐकलंय?

हिने अट घातली. महिनाअखेरपर्यंत माणसं मिळाली आणि टिकली, तर कोपऱ्यातलं टेबल माझं. नाहीतर लेकीचं. ती परीक्षेचा अभ्यास इस्त्रीच्या टेबलावर करते. मी बिनधास्त हो म्हटलं. इस्त्रीच्या टेबलाची उंची पाठीला चांगली, असं लेकीला समजावलं. तिने इस्त्री बाजूला सरकवून वही उघडली.

५ तारीख, बुधवार.
साइटवर जाहिरात टाकली. आतापर्यंत अर्ज एक. तो मीच टेस्टिंगसाठी भरला होता. उमेदवार चांगला वाटतो.

९ तारीख, रविवार.
बाहेरच्यांच्या मागे कशाला लागायचं? सासरे तयार झाले. रिटायर्ड आहेत, बसण्याचा अनुभव दांडगा. शेजारचे दंतवैद्य आणि हिची मैत्रीण, शिवणक्लासवाल्या बाई, हेही हो म्हणाले. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण माझ्या हाताखाली टेबलफॅन सोडला तर कुणी नाही. इथे आठवड्यात तीन माणसं! लगेच पदं वाटली. सासरे: विभागप्रमुख, सावली. दंतवैद्य: मजबुती. बाई: पाठ व टेकू. जेवताना मी एकटाच हसत होतो, असं लेक म्हणते.

१४ तारीख, शुक्रवार.
पहिले रिपोर्ट. सासऱ्यांचा पूर्ण रिपोर्ट: बसलो, बरं वाटलं. दंतवैद्यांचा: सध्या ठीक, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. बाईंचा नाहीच. चौकशी केली, तर तिघं तळ्याकाठच्या एकाच बाकड्यावर बसली होती! तीन बाकडी नेमून दिली होती. बाई म्हणाल्या, एकटीने बसून बोलायचं कुणाशी? हे काम आहे, गप्पांचा फड नव्हे, असं मी शांतपणे सांगितलं. बाईंचं म्हणणं, ओरडू नका.

१७ तारीख, सोमवार.
शिस्त हवीच. हजेरी सुरू केली. बसल्यावर एक फोटो, उठल्यावर एक फोटो. उशीर झाल्यास लेखी खुलासा. तिघांनाही मेमो पाठवले. ऑफिसात साहेब मला देतात तसेच, पण माझी भाषा सरस. दंतवैद्यांनी विचारलं, पगार किती कापणार? प्रश्न तत्त्वाचा आहे, असं कळवलं.

२० तारीख, गुरुवार.
बाईंचा राजीनामा. पाठोपाठ दंतवैद्यांचा, तोंडी, जिन्यात. म्हणाले, दिवसभर लोक मला घाबरतात, संध्याकाळी मी कुणाला घाबरणार नाही. जाऊ दे. छोटी टीम चपळ असते.

२३ तारीख, रविवार. दुपार.
टीमचा, म्हणजे सासऱ्यांचा, रजेचा अर्ज. कारण: मोतीबिंदूचं ऑपरेशन. अहो, असा ऐन वेळी माणूस गेला तर मी महिनाअखेर कशी गाठायची? नामंजूर केला. दुसरा डोळा मोकळाच आहे, असा शेराही मारला.

संध्याकाळ.
त्यांनी तो अर्ज हिला दाखवला. हे नियमात बसत नाही.

नंतर.
ही एकच वाक्य बोलली. महिनाअखेरची वाट बघायची गरज नाही म्हणाली. टेबल मायलेकींनी उचललं. माझा कॉम्प्युटर पलंगाखाली. लेकीने विचारलं, बाबा, दिवा लावून बघू? लाव म्हटलं. टेबलाशी बसलेली ती छान दिसते. मला वाईट वाटलं, नेमकं कशाचं ते लिहीत नाही.

२७ तारीख, गुरुवार.
साइटवर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लावली. लोकांची गैरसोय होणार, म्हणून तक्रारींसाठी ईमेल दिला. अजून एकही तक्रार नाही. लोक समजूतदार आहेत.

३० तारीख, रविवार.
परवा सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. ही म्हणाली, बाबांना हळूहळू फिरवून आण आणि वाटेत माफी माग. मागितली. ते म्हणाले, असू दे, रजा मी घेतलीच होती.

मग मलाच तळ्याकाठी घेऊन गेले. तिथे दंतवैद्य आणि बाई बाकड्याला हिरवा रंग देत होते. तिघं रोज भेटतात म्हणे. राजीनाम्यानंतरही! मी विचारलं, काही मदत करू का? देखरेख वगैरे? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सासरे म्हणाले, जावईबापू, तुम्ही इथे उभे राहा. रंग ओला आहे, कुणाला बसू देऊ नका.

तासभर उभा होतो. आलेल्या प्रत्येकाला घालवलं. एक आजी तर, बाकडं तुझ्या बापाचं का, असं विचारून गेल्या. तिघं पलीकडे गवतावर गप्पा मारत बसली होती. पाय दुखले.

उद्या रंगाचा दुसरा हात आहे. मी येतो म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.