जागा झाली की कळवू

४ फेब्रुवारी

पोरीचा फोन. आधी रडली, मग म्हणाली, "आई, बाबांसाठी तू जागा बघशील?"

जागा म्हणजे भाड्याची नव्हे. डॉक्टरांनी त्याचे उपचार थांबवलेत. फुप्फुसातला कॅन्सर हाडांत गेलाय. आता बरं करायचं नाही, दुखू द्यायचं नाही — एवढंच. त्यासाठी वेगळी केंद्रं असतात, हॉस्पिस म्हणतात. हॉस्पिटल त्याला पुढच्या आठवड्यात घरी सोडणार. आणि त्याच्या घरी आहे कोण? फ्रिज.

पोर समुद्रापलीकडे, आठवा महिना, विमान बंद. म्हणून मी! घटस्फोटाच्या वेळी वकिलांनी आमचे चमचेसुद्धा वाटून दिले होते. ह्याचं मरण कोणाच्या वाट्याला, तेवढंच लिहायचं राहिलं.

"तू फक्त निवड गं. बाकी मी करते."

बाकी म्हणजे काय, विचारलं नाही. हो म्हणून बसले. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला डोकंही नाही.

५ फेब्रुवारी

ड्रायव्हिंगचे सकाळचे दोन विद्यार्थी उरकून हॉस्पिटलात गेले. (पहिल्याने वळणावर स्टिअरिंग सोडून डोळे मिटले. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून आज ही रोजनिशी आहे.)

माजी मंत्री असतात तसा हा माजी नवरा. निम्मा झालाय. गालफडं बसलीत, पायजमा कमरेला गुंडाळून धरलाय. मला पाहिलं आणि म्हणाला, "तू? म्हणजे माझं खरंच अवघड दिसतंय."

"पोरीने पाठवलंय."

"केस कापलेस."

"कापले. तू बघितलं नाहीस त्यालाही बरीच वर्षं झाली."

जन्मभर गाद्या विकल्या ह्याने. दुकानात गिऱ्हाइकाला आडवं करून दाखवायचा — पाठ कशी टेकते, मान कशी राहते. स्वतः कुठे कुठे आडवा व्हायचा ते मला उशिरा कळलं. असो. मरणाऱ्याला काय बोलायचं!

बोलणार. इथे तरी बोलणार.

७ फेब्रुवारी

केंद्र पहिलं. दारात कारंजं, आत मत्स्यपेटी, भिंतीवर सूर्यास्त. सूर्यास्तच का? उगवतीचे फोटो महाग असावेत.

व्यवस्थापिकाबाई लग्नाचा हॉल दाखवावा तशी फिरवत होती. "आमच्याकडे शेवटचा प्रवास अगदी सुंदर असतो." मी विचारलं, रात्री दुखायला लागलं तर मॉर्फिन कोण देतं? ती म्हणाली, "चला, तुम्हाला मागची बाग दाखवते." बाग पाहिली. परत विचारलं. "डॉक्टर फोनवर असतात. तुम्ही गच्ची पाहिलीत का?"

गच्ची पाहिली. उत्तर तिथेही नव्हतं.

८ फेब्रुवारी

केंद्र दुसरं. इथे सगळं स्वच्छ, सगळं कुजबुजत. भेटायला फक्त संध्याकाळी. मोठ्याने बोलायचं नाही. रडायचं असल्यास खालच्या मजल्यावर. खरंच! प्रमुख म्हणाले, "आणि एक विनंती. इथे आम्ही मृत्यू हा शब्द वापरत नाही."

"मग काय म्हणता?"

"स्थलांतर."

मला हसू फुटलं. इतकं, की मलाच खालच्या मजल्यावर नेतात की काय असं वाटलं.

त्याला जाऊन सांगितलं. तोही हसला, मग खोकला, मग बराच वेळ कळवळत राहिला. पाठीला हात लावला तर नुसते मणके. पुन्हा विनोद सांगायचा नाही.

९ फेब्रुवारी

माजी दिराचा फोन. "वहिनी, एक नंबर जागा बघा हं. दादासाठी तडजोड नको."

वहिनी! इतकी वर्षं मी "ती बाई" होते. ह्यांना मरणाच्या दारात बरी नाती आठवतात. म्हटलं, भावजी, उद्या तुम्हीच या की बघायला. तर म्हणे, "मला ते वातावरण सोसत नाही हो."

मला सोसतं. मी लहानपणापासून तेवढ्यासाठीच तयारी करत होते.

१० फेब्रुवारी

केंद्र तिसरं. माजी म्हणाला मीही येणार. "गादी घेताना माणसाने स्वतः झोपून बघावं." डॉक्टरांची परवानगी काढून त्याला शिकवण्याच्या गाडीतून नेलं. टपावर पाटी — 'शिकाऊ चालक'. लोक लांबून जात होते. तो म्हणाला, "आधी माहीत असतं तर आयुष्यभर ही पाटी लावून फिरलो असतो."

जुनी बसकी इमारत. कारंजं नाही, सूर्यास्त नाही. ओट्यावर कोणाचा तरी म्हातारा कुत्रा पसरलेला. एका खोलीतून चक्क भांडणाचा आवाज — नवरा-बायको पत्ते खेळत होते, नवऱ्याला ऑक्सिजन लावलेला. भेटीची वेळ? "कधीही या." रात्री दुखलं तर? सिस्टर म्हणाली, "आमच्यातली एक जण इथेच असते. औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात. काका, दुखणं अंगावर काढायचं नाही. बोलवायचं. शौर्याचं पदक इथे देत नाही आम्ही."

मी माजीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोघांनाही पसंत! सोबत राहत होतो तेव्हा साधा पडद्यांचा रंग एकमताने ठरला नाही.

तपासणीच्या पलंगावर तो आडवा झाला, हाताने गादी दाबली. "चालेल. कधी येऊ?"

"आत्ता एकही पलंग रिकामा नाही, काका. जागा झाली की कळवू."

तो म्हणाला, "जागा कधी होते?" सिस्टरने त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. पलीकडच्या खोलीत पत्त्यांवरून आता हशा झाला. जागा होणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांना एकदमच कळलं.

मग तिने सांगितलं, तोवर आम्ही घरी येऊन बघतो. रोज. औषधं, ड्रेसिंग, सगळं. "घरी कोण असतं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. मांडीवरची चादर नीट करत म्हणाला. नुसतं सांगितलं, दया मागितली नाही. तेच वाईट.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

ही जीभ!

१३ फेब्रुवारी

बसायच्या खोलीत पलंग आला. सोफा बाहेर, माजी आत. पोर फोनवर रडली — "आई, तू ग्रेट आहेस." ग्रेट असण्यापेक्षा मला सोफा हवा होता.

शेजारीण जिन्यात म्हणाली, "अय्या, परत?" म्हटलं, हो, दुरुस्तीला आलाय.

१६ फेब्रुवारी

सिस्टर रोज येते. मला शिकवलं — कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठे द्यायची, औषध जिभेखाली किती. मी शिकवते तशीच शिकवते, फक्त न ओरडता. माझ्यापेक्षा बरी.

आज दुपारी वळवताना तो म्हणाला, "का करतेस हे?"

"पोरीसाठी."

"खोटं."

"मग विचारतोस कशाला? वळ."

वळला. लग्नात एवढं ऐकलं असतं तर!

१९ फेब्रुवारी

बरा दिवस. दोन घास जेवला. खिडकीतून माझ्या विद्यार्थ्यांची रिव्हर्स पार्किंग बघत बसतो आणि गुण देतो. एकाला शून्य दिलं, तर त्याने खिडकीतून विचारलं, "काका, अर्धा तरी?" दोघं हसले. माझ्याच घरात माझ्याच धंद्याची चेष्टा. चालू द्या.

२२ फेब्रुवारी

केंद्रातून फोन. जागा झाली.

कोण गेलं, विचारलं नाही. पत्तेवाला नसू दे.

आणि मी काय म्हटलं? "आम्हाला नको. आमचं घरीच बरं चाललंय." आमचं! फोन ठेवला आणि स्वतःच्याच तोंडाकडे आरशात बघत उभी राहिले. त्याला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

२४ फेब्रुवारी

मी सांगायची गरजच पडली नाही. त्याने सिस्टरला विचारलं, जागा झाली का. ती खोटं बोलत नाही — भारी गुण! पलंग अजून रिकामाच होता. मी शिकवायला बाहेर, तेवढ्यात ह्याचं ठरलंसुद्धा. उद्या जाणार.

"इथे काय कमी पडलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मला तिथे जायचंय." भिंतीकडे तोंड करून. बस.

म्हणजे जेवण भरवलं, कूस बदलली, अंथरूण धुतलं, आणि साहेबांना पसंत पडलं दुसरीकडचं! सवय जाते थोडीच. दुसऱ्यांदा सोडून चाललाय मला. आणि ह्याही वेळी बॅग मीच भरली.

स्वयंपाकघरात नळ सोडून रडले. रागाने. रागानेच.

२५ फेब्रुवारी

सोडलं त्याला. दारातूनच परतणार होते. त्याने बाही धरली.

"रागावलीस."

"मी कोण रागावणारी?"

"ती तुझी बसायची खोली आहे," तो म्हणाला. मध्येमध्ये थांबून, दम घेत. "मी तिथे मेलो तर तू पुन्हा त्या खोलीत बसणार नाहीस. ओळखतो मी तुला. एकदा मोडलं तुझं घर. परत नको."

बाही सोडवून घेतली आणि त्याची बॅग कपाटात रिकामी केली.

हे घरी लिहीत नाहीये. त्याच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलेय. झोपलाय. उद्याचे विद्यार्थी रद्द केले. परवाचेही.