नमुना लिहायचा राहिला

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. पत्रास कारण आहे, पण ते एकदम सांगण्याइतका मी धीट नाही, म्हणून आधी तुमची तब्येत विचारतो. गुडघा कसा आहे? खोकला? रक्तदाब? (हे वरवरचं विचारत नाहीये. तुमची प्रकृती ठणठणीत असणं या घडीला माझ्या अब्रूच्या दृष्टीने फार गरजेचं आहे. उत्तर स्वतःच्या हस्ताक्षरात, खाली तारीख घालून पाठवा.) इकडे तुमची भाचेसून बरी आहे, चिमणी बरी आहे, आणि मी दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला असतो. फोनही केला, चौदा वेळा केला. ताई म्हणते, तुझं नाव दिसलं की बाबा फोन उशीखाली सारतात. सारा, मामा. तीन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि ते मी माझ्या हातानं ओढवून घेतलंय. नवा कॉम्प्युटर दुकानात आला त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर मी तुम्हाला म्हणालो, "मामा, हातानं अक्षरं काढायचे दिवस गेले, आता आराम करा." तुम्ही ब्रश पुसलात, डब्यात ठेवलात, डबा फळीवर ठेवलात आणि आठवड्याभरात ताईकडे राहायला गेलात. मी स्वतःची समजूत घातली होती की तुमच्या काळजीपोटी बोललो. (तसं काही नव्हतं. मला फळी रिकामी हवी होती.)

तर गेल्या महिन्यात माझ्याकडे एक बहीणभाऊ आले. दोघं पन्नाशीचे, इस्त्रीचे कपडे, आवाज इतका हळू की मी दोनदा पंखा बंद केला. त्यांचा अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था करून द्यायचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. गाडी, फुलं, शवपेटी, कागदपत्रं, शोकसभेचा हॉल, सगळं एका छताखाली. त्यांना लोगो हवा होता. मी आनंदानं हो म्हणालो, कारण मी आजवर बेकरीचा केलाय, दाताच्या दवाखान्याचा केलाय, पोहण्याच्या तलावाचा केलाय, तेव्हा यात काय मोठंसं, असं मला वाटलं. बहिणीनं मागणी सांगितली ती अशी, की चिन्ह बघून दुःख वाटता कामा नये, आणि आनंद तर मुळीच वाटता कामा नये. भावानं त्यात भर घातली, की लोकांना आमची आठवण राहावी, पण आमच्याकडे यावंसं वाटू नये. मामा, हे ऐकून मी मान डोलावली आणि वहीत लिहूनसुद्धा घेतलं. ती वही आता बघवत नाही.

मी उडता पक्षी काढला. भाऊ म्हणाला, हा आमच्या तावडीतून सुटल्यासारखा दिसतोय. मी उघडं दार काढलं. बहीण म्हणाली, हे फार आग्रहाचं वाटतं. मेणबत्ती काढली तर तिला वाढदिवस आठवला, गळणारं पान काढलं तर त्याला केसांचं तेल आठवलं (त्याला फारसे केस नाहीत, त्यामुळे त्या विषयावर आम्ही जास्त थांबलो नाही). दोन हात काढले, तर हे देतायत की मागतायत यावर त्यांच्या ऑफिसात पाऊण तास चर्चा झाली. ते ऑफिस तुम्ही बघायला हवं. प्रत्येक टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा, भिंतीवर पेट्यांना लावायच्या कड्या ओळीनं टांगलेल्या, आणि खुर्च्या इतक्या तेलपाणी केलेल्या की बसताना उठताना चकार आवाज होत नाही. दर सोमवारी भाऊ स्वतः तेल घालतो. रडणाऱ्या माणसाला खुर्ची कुरकुरल्याची लाज वाटू नये, म्हणून. अशा माणसांपुढे मी अकरा चिन्हं नेली आणि अकरा परत आणली. मी हात टेकले. जेवणाच्या ताटात मला गोल आणि रेघा दिसायला लागल्या. चिमणीनं माझा हसरा चेहरा काढला तर मी तिला विचारलं, यातून नक्की काय सुचवायचंय. तुमच्या भाचेसुनेनं त्या दिवसापासून मला घरात पेन्सिल बंद केलीय.

आता तुम्हीच शिकवलेली पद्धत, की गिऱ्हाइकाला नुसतं चिन्ह दाखवायचं नाही, ते जागेवर कसं दिसेल ते दाखवायचं. म्हणून बाराव्या वेळी मी शोकसभेचं एक अख्खं पोस्टर केलं. कोपऱ्यात चिन्ह (लाट काढली होती, तिच्याविषयी काही विचारू नका), मध्ये फोटो, खाली नाव, वेळ, ठिकाण. फोटोसाठी चेहरा लागतो. विकत मिळणारे चेहरे सगळे दात दाखवतात. घरात धीरगंभीर फोटो एकच होता, मामा, ताईच्या लग्नात जेवण उशिरा मिळालं तेव्हाचा तुमचा. मी तो घेतला. फोटोखाली दुसऱ्याचं नाव घालणं बरं वाटेना, म्हणून नावही तुमचंच घातलं. ते डाव्या बाजूला जरा हलकं पडत होतं, म्हणून तोल साधायला आधी 'कै.' लावलं. वेळ म्हणून येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच, ठिकाण त्यांचाच हॉल. आणि वर मोठा शब्द हवा होता 'निरोप', तर कॉम्प्युटरातलं एकही अक्षर बसेना. सगळी अक्षरं काहीतरी विकत असल्यासारखी दिसत होती. शेवटी मी आठ वर्षांचा असताना तुम्ही मला गिरवायला घालून दिलेली वही काढली. त्यात चौथ्या पानावर तुमच्या ब्रशनं 'निरोप' लिहिलेलं आहे. तेच छापलं. आणि तुम्ही जन्मभर प्रत्येक नमुन्यावर लाल खडूनं आडवं 'नमुना' लिहायचात, नाहीतर गिऱ्हाईक तोच उचलून लावतं म्हणायचात, ते मी लिहिलं नाही. मांडणी बिघडत होती.

भावानं ते पोस्टर उचलून पुढच्या काचेत लावलं. रस्त्यावरून कसं दिसतं ते चार दिवस बघू, म्हणाला, सवय झाल्यावर खरं मत कळतं. मी बरं म्हणालो. तो फोटो कोणाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या तुमच्या हातच्या आहेत हे मी विसरलो होतो.

गुरुवारी पाच वाजता मी तेरावं चिन्ह काखेत मारून गेलो, तर हॉलमध्ये चाळीस माणसं. औषधवाले, किल्लीवाले, चष्मेवाले, शाळेचे जुने हेडमास्तर, ज्यांच्या ज्यांच्या दारावर तुमची अक्षरं आहेत ते सगळे. मी भावाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्याचा रंग उडाला, पण क्षणभरच. "आलेल्या माणसाला परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही," तो म्हणाला, आणि आणखी दहा खुर्च्या आणायला गेला. मला सगळ्यांनी धरून पहिल्या रांगेत बसवलं. मी उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं, मामा धडधाकट आहेत, ताईकडे असतात, सकाळीच दोन पोळ्या खाल्ल्या असतील. शिंपीकाकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बस बाळ. पाणी पी. माझा भाऊ गेला तेव्हा मीही असंच बोलायचो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग एकेकानं तुमच्याविषयी सांगितलं. चष्मेवाल्यांची पाटी तुम्ही तीनदा पुसून पुन्हा काढलीत, लांबचं न दिसणाऱ्यालाही दिसली पाहिजे म्हणून, हे मला माहीत नव्हतं. शेवटी मलाही बोलायला लावलं. बोललो.

माणसं गेल्यावर बहीण काचेपाशी उभी होती. माझं तेरावं चिन्ह तिनं उलगडूनही बघितलं नाही. म्हणाली, "चिन्हबिन्ह राहू द्या. हा 'निरोप' लिहिलाय ना, तसंच आमचं नाव लिहून द्या, बास. हे वाचताना कोणी घाई करत नाहीये असं वाटतं." मग तिनं विचारलं, हे अक्षर कोणाचं.

मामा, मी म्हणालो, माझं.

काय झालं ते मला अजून कळत नाही. तुम्ही धडधाकट आहात हे भर सभेत खरं सांगितलं होतं आणि कोणी विश्वास ठेवला नव्हता, कदाचित त्याचा राग असेल. तर आता हे असं आहे. मी कुठल्याच कामाचा राहिलेलो नाही. चिमणीला उत्तम आशीर्वाद द्या, मला जमतील तेवढे.

तुमचा भाचा

ता. क. — भावानं समोरची भिंत पांढरी करून घेतलीय, बारा फूट. त्यांना नाव भिंतीवरच हवंय, ब्रशनं, आणि मी काढताना त्यांना बघायचंय. येत्या सोमवारी. मी काल जुन्या पत्र्यावर प्रयत्न केला. चिमणीनं विचारलं, हे कोणी लिहिलं, भूकंपानं?

ता. क. २ — म्हणून तुम्ही या. अक्षर माझं नाही हे मी आज सकाळी त्या दोघांना जाऊन सांगितलं. बहीण म्हणाली, अंदाज होताच. तुम्ही भर रस्त्यात शिडीवर उभे दिसलात की बाकीच्यांचाही प्रश्न सुटेल. फक्त लग्नातला तो शर्ट घालून येऊ नका, शिंपीकाकांचं हृदय नाजूक आहे.

ता. क. ३ — ब्रशचा डबा मी फळीवरून कधी काढलाच नाही. दर महिन्याला ब्रश रॉकेलमध्ये धुतो आणि केस सरळ करून परत ठेवतो. तीन वर्षं. का, ते मला विचारू नका.

ता. क. ४ — सभेत मी काय बोललो ते वर लिहायचं टाळलं. त्या दिवशी दुकानात जे बोललो ते मी तिथं शब्दन् शब्द सांगितलं, आणि ते चुकलं असं म्हणालो, आणि माफी मागितली. चाळीस माणसांनी ऐकलं. तुम्ही तेवढे नव्हता.