रिकामी जागा, गुण एक

३ मार्च, सकाळी ९
प्रकाशकांचा फोन. नववीच्या इतिहासाचा सिलॅबस बदलला. प्रश्नोत्तरांची नवी आवृत्ती हवी, नव्वद उत्तरं, २० तारखेपर्यंत. सव्वीस वर्षं कव्हरवर माझं नाव आहे, मला काय अवघड? बायको फक्त फेअर करायची. तिला जाऊन आठ महिने झाले. अक्षर माझंही बरं आहे. रोज दहा उत्तरं. १२ तारखेला मोकळा.

४ मार्च
प्रश्न पहिला : महायुद्धाची कारणे द्या. टेबल पुसलं. सहा पेन्सिलींना टोक केलं. समोर तिची खुर्ची, लक्ष लागेना. भिंतीकडे वळवून ठेवली. उत्तरं शून्य, पण पूर्वतयारी भक्कम.

५ मार्च, दुपार
आतल्या खोलीत पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज. ती करायची तसा, तीन फेरे आणि एक फुंकर. जाऊन पाहिलं, कोणी नाही. शेजारचा असेल. शेजारी गावाला गेलेत. म्हणजे नळाचा असेल.
महायुद्धाचं कारण लिहिलं : ‘दोन्ही बाजूंना राग आला होता.’ मुद्देसूद वाटतं.

७ मार्च
लोकशाही आणि हुकूमशाही, फरक स्पष्ट करा. मुलगी आली होती, तिला विचारलं. म्हणाली, आपल्या घरात आई विचारायची आणि तुम्ही ठरवायचात, तेच लिहा. मी म्हणालो, ते मंत्रिमंडळ होतं. ती हसली. मग हसायची थांबली आणि आईच्या खुर्चीला का शिक्षा केलीत, असं विचारलं. विषय बदलला.

९ मार्च
माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. केवळ संदर्भासाठी. सगळं तिच्या अक्षरात. साहजिक आहे, फेअर कॉपी. माझा रफ शोधतोय. रद्दीत गेला असणार. सव्वीस वर्षांचा सगळाच कसा गेला, कळत नाही.
समासात ठिकठिकाणी पेन्सिलीने : ‘यांना विचारलं. म्हणाले, तूच बघ.’

१२ मार्च
आज मोकळा होणार होतो. उत्तरं चार.
वाफेच्या इंजिनाचा शोध लिहून मोठ्याने वाचला. पाठीमागून ‘हं’ आला. स्पष्ट. उत्तर चुकलं आणि ते माझं मलाच सापडावं असं तिला वाटलं, की ती द्यायची तो ‘हं’. तपासलं. शोध लागला तेव्हा शोधणारा माझ्या हिशोबाने सहा वर्षांचा होता. भीती वाटली. तिची नाही. ती बरोबर निघाल्याची.
खुर्ची परत टेबलाकडे वळवली. मीच. माणसाने पाठ करून बसलेलं बरं दिसत नाही.

१५ मार्च
चार उत्तरं नमुन्याला पाठवली होती. प्रकाशकांनी तब्येत विचारली. मग म्हणाले, पूर्वीच्या हातचं काही शिल्लक असेल तर तेच द्या. मी म्हणालो, हात तोच आहे. त्यांनी फोन ठेवला. घरातही कोणी ‘हं’ म्हणालं नाही. ते जास्त लागलं.

१९ मार्च
पहिल्या आवृत्तीची वही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने :
‘रिकाम्या जागा भरा. या पुस्तकातील उत्तरे ............ यांनी लिहिली. (गुण १)’
खाली बारीक अक्षरात : ‘यांना दाखवायचं.’
मला दाखवलं नव्हतं.
किंवा दाखवलं असेल. मी म्हणालो असेन, तूच बघ.

२० मार्च, सकाळी ११
प्रकाशकांना कळवलं, जमणार नाही. कारण विचारलं, तेही दिलं. पूर्ण वाक्यात.
रिकाम्या जागेत तिचं नाव लिहिलं. एकूण उत्तरं पाच, त्यांतलं बरोबर हे एकच. लाल पेन घेतलं, पण बरोबरची खूण नेहमी तीच करायची. वही तिच्या खुर्चीपुढे सरकवून ठेवली आहे.
दुपारचे चार वाजले. अजून तपासलेली नाही.